चौथ्याच दिवशी रूलबुक फुकटात फिरायला लागलं, आता पीडीएफ विकणं बंद करू का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. दोन वर्षं खपून लिहिलेलं, चित्रकारांना पदरचे पैसे देऊन सजवलेलं 180 पानांचं रूलबुक, म्हणजे टेबलाभोवती बसून पात्रं रंगवत खेळायच्या खेळाचं नियमांचं पुस्तक, विक्रीला आलं आणि चौथ्याच दिवशी त्याची पीडीएफ जालावरच्या एका फुकट्या साठ्यावर दिसली. मग पीडीएफ बंद करून फक्त छापील प्रत ठेवावी का? फाइलला कुलूप लावावं का? कोणीतरी तुमचे फाशांचे नियम स्वतःच्या शब्दांत लिहून जालावर टाकलेत, ती चोरी आहे का? आणि शेवटचा: चोरीची प्रत वाचून एकाने नियमांबद्दल शंका विचारणारी मेल पाठवली आहे, त्याला उत्तर द्यावं का?

मी असेच खेळ, म्हणजे टेबलटॉप रोलप्लेइंग गेम, लिहितो, पोटापाण्यासाठी दुसऱ्यांच्या रूलबुकांची पानं लावतो आणि गेली पंधरा वर्षं पीडीएफ विकतो. माझी पुस्तकं त्या साठ्यांवर आहेत, एकूण एक. पहिलं दिसलं तेव्हा दोन रात्री झोप लागली नव्हती, तेव्हा तुमचं काय होत असेल ते कळतं. तरी पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकतो: पीडीएफ बंद करू नका. संताप बाजूला ठेवून आधी हिशोब मांडू.

समजा छापील पुस्तकाची किंमत 40 डॉलर आहे. वितरकामार्फत दुकानांत गेलात तर छापील किमतीच्या साधारण 40 टक्के तुमच्या हाती येतात, म्हणजे 16 डॉलर. थोड्याच प्रती छापल्या तर रंगीत, पुठ्ठाबांधणीच्या पुस्तकाला आठ-नऊ डॉलर छपाईतच जातात. गोदाम, वाहतूक, कोपरे दुमडून परत आलेल्या प्रती धरल्या की पाच डॉलर उरले तरी नशीब म्हणायचं. आता तेच पुस्तक 16 डॉलरच्या पीडीएफच्या रूपात बघा. ड्राइव्हथ्रूआरपीजी या पीडीएफ विकणाऱ्या साइटवर गेली अनेक वर्षं चालत आलेला भाव असा, की फक्त तिथेच विकलंत तर 70 टक्के तुमचे, इतरत्रही विकलंत तर 65. कमी टक्के धरले तरी 10 डॉलर 40 सेंट. इच.आयओ या दुसऱ्या विक्रीच्या साइटवर तर साइटला किती वाटा द्यायचा ते तुम्हीच ठरवता. म्हणजे 40 डॉलरच्या जाडजूड पुस्तकापेक्षा 16 डॉलरची फाइल तुम्हाला दुप्पट देते. चोराला धडा शिकवायचा म्हणून तुम्ही जी गोष्ट बंद करू बघताय, तिच्यावरच तुमच्यासारख्या छोट्या प्रकाशकाचं घर चालतं.

दुसरं असं, की बंद करून चोरी थांबते का, याचा प्रयोग आपल्या धंद्यातल्या सर्वांत मोठ्या कंपनीने, विझार्ड्स ऑफ द कोस्टने, केव्हाच केला आहे. त्यांच्या डंजन्स अँड ड्रॅगन्स या खेळाची चौथी आवृत्ती 2008 मध्ये आली. तिची मूळ पुस्तकं दुकानांत पोहोचण्याआधीच जालावर फिरत होती, म्हणजे विकलेल्या पीडीएफचा त्यात काडीचा संबंध नव्हता. पुढच्या वर्षी ‘प्लेयर्स हँडबुक 2’ची विकलेली पीडीएफ स्क्रिब्ड या फाइल वाटायच्या साइटवर चढली आणि विझार्ड्स ऑफ द कोस्टने आठ जणांवर दावे लावले. माणसं सापडली ती बव्हंशी फाइलवरच्या वॉटरमार्कवरून, म्हणजे घेणाऱ्याची ओळख सांगणाऱ्या खुणेवरून. इथवर समजण्यासारखं होतं. पण त्याच झटक्यात, 6 एप्रिल 2009 ला, कंपनीने आपल्या सगळ्या पीडीएफची विक्री बंद करायला लावली. नुसती चौथी आवृत्ती नाही, सत्तर-ऐंशीच्या दशकातली जुनी मॉड्यूलं, म्हणजे तयार साहसांच्या पुस्तिकासुद्धा, जी छापील मिळणं तेव्हाही मुश्कील होतं. ज्यांनी आधीच पैसे मोजले होते त्यांनाही फाइल पुन्हा उतरवून घ्यायला जेमतेम वेळ मिळाला, काहींना तर तोही नाही.

परिणाम काय झाला? साठ्यांवर सगळं जिथल्या तिथे होतं. फरक एवढाच पडला, की ज्याला पैसे देऊन घ्यायचं होतं त्याच्यासाठीही आता तीच एक जागा उरली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पायझो या प्रतिस्पर्धी कंपनीने ‘पाथफाइंडर’ या खेळाचं जाडं कोअर रूलबुक आणलं. छापील 49.99 डॉलर, पीडीएफ 9.99 डॉलर, आणि वर नियमांचा मजकूर जालावर मोफत. पाथफाइंडरच्या यशाचं सगळं श्रेय त्या पीडीएफला मी देणार नाही, त्यामागे चौथ्या आवृत्तीवरची नाराजी आणि बरंच काही होतं. पण एवढ्या स्वस्त आणि एवढ्या सहज मिळणाऱ्या फाइलमुळे छापील प्रत पडून राहील ही भीती तिथे तरी खरी ठरली नाही. विझार्ड्स जुन्या पीडीएफ घेऊन परत आली ती 2013 च्या जानेवारीत, जवळजवळ चार वर्षांनी.

यावर कोणी म्हणेल, पाचव्या आवृत्तीच्या मूळ पुस्तकांच्या पीडीएफ तर 2014 पासून त्यांनी विकल्याच नाहीत, आणि ती आवृत्ती तुफान चालली. खरं आहे. पण तिथे प्राथमिक नियम पहिल्या दिवसापासून मोफत पीडीएफमध्ये होते, 2017 पासून तीच पुस्तकं जालावर वाचायला विकणारी डीअँडडी बियाँड ही साइट होती, आणि पाठीशी अख्ख्या जगाला ठाऊक असलेलं नाव होतं. स्कॅन केलेल्या प्रती तर तेव्हाही फिरतच होत्या. हत्तीला जे पचतं ते आपल्याला पचेल असं नाही.

आता फुकट उतरवून घेणारा माणूस कोण असतो ते बघू, कारण रूलबुक ही कादंबरी नाही. कादंबरी एकदा वाचून झाली की वाचकाचं काम संपतं. रूलबुक हे वापरायचं अवजार आहे, आणि ते पाच जण मिळून वापरतात. टेबलाभोवती एक गेम मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा, चार खेळाडू आणि बहुतेक वेळा पुस्तक एकच. ते हातोहात फिरतं, त्यावर चहा सांडतो, जादूच्या प्रकरणाची पानं सुटायला येतात. हे पहिल्यापासून असंच आहे. 1974 मध्ये डंजन्स अँड ड्रॅगन्सचे पहिले हजार खोके 10 डॉलरला एक या दराने निघाले आणि ज्यांना मिळाले नाहीत, किंवा परवडले नाहीत, त्यांनी झेरॉक्स काढल्या. त्या झेरॉक्सवर खेळलेल्यांतूनच पुढे विकत घेणारे आणि लिहिणारे निघाले. म्हणून ‘फुकट उतरलेली प्रत म्हणजे बुडालेली विक्री’ हे गणित मला कधीच पटलं नाही.

माझ्या मते या मंडळींचे तीन प्रकार आहेत आणि तिघांना एकाच काठीने हाकलणं ही नवख्या प्रकाशकाची पहिली चूक. पहिला साठेबाज: चाळीस हजार पीडीएफ गोळा केलेला, त्यातल्या चाळीसही न उघडलेला. हा तुमचा गिऱ्हाईक कधी नव्हता आणि होणार नाही, त्याला विसरा. दुसरा टेबलावरचा खेळाडू: त्याला आज रात्री पात्र बनवायचं आहे, गेम मास्टरने लिंक पाठवली, त्याने दाबली. याला तुम्ही चोर म्हणालात तर एक टेबल गमावून बसाल, कारण पुढचं पुस्तक बहुतेक वेळा याच टेबलावर विकलं जातं. तिसरा मात्र खरा बदमाश: जो तुमची फाइल विकतो. त्याच्याकडे नंतर येतो.

हे वाचून पायरसीने काहीच नुकसान होत नाही असं मी म्हणतोय असा अर्थ काढू नका. तो सूर मला तितकाच खोटा वाटतो. बारा-पंधरा पानांची साहसकथा तीन डॉलरला विकणाऱ्याचं नुकसान खरं असतं. ती एकदाच खेळायची असते, फक्त गेम मास्टरलाच हवी असते, तिची छापील प्रत नसते आणि एकदा वाचली की परत विकत घ्यायचं कारण उरत नाही. तुमच्या 180 पानी रूलबुकापेक्षा त्या पत्रिकावजा पुस्तिकेला चोरी जास्त झोंबते. आणि ज्याने शब्दामागे सात-आठ सेंट घेऊन लिहिलं त्या लेखकाला पुढच्या कामाचे पैसे विक्रीतूनच मिळणार असतात. प्रश्न एवढाच, की तुमचा वेळ मोजका आहे, तो कुठे घालायचा?

माझा स्वतःचा वेळ कुठे जातो ते एका प्रसंगाने ठरलं. माझं पहिलं रूलबुक चोरीला गेलं तेव्हा मी ती प्रत उतरवून पाहिली. वाटलं होतं, काहीतरी फाटकं-तुटकं असेल. फाइल उघडली आणि मला लाज वाटली. मी विकत होतो ती पीडीएफ 190 एमबीची होती, जुन्या टॅबलेटवर पान उलटायला दोन-तीन सेकंद घ्यायची. चोरट्याने ती 24 एमबीवर आणली होती. मी बुकमार्क टाकलेच नव्हते, त्याने प्रत्येक प्रकरणाला, प्रत्येक उपप्रकरणाला टाकले होते. मुखपृष्ठ पान एक धरल्यामुळे माझ्या फाइलमधला पानाचा आकडा आणि छापलेला आकडा दोनने चुकत होते, म्हणजे अनुक्रमणिकेत 86 बघून तिथे उडी मारली की भलतंच पान यायचं. त्याने तेही जुळवलं होतं. मधोमध पसरलेला नकाशा मी दोन पानांत तोडला होता, त्याने जोडून एक केला होता. कोण्या अनोळखी माणसाने, एक पैसा न घेता, माझं काम माझ्यापेक्षा नीट केलं होतं. पैसे देणाऱ्याला मी खटारा देत होतो आणि फुकट्याला गाडी मिळत होती. चोरीपेक्षा त्याचंच मला जास्त लागलं.

तेव्हापासून लेखन संपल्यावर मी किमान एक आठवडा फक्त पीडीएफसाठी राखून ठेवतो. तुमचं पुस्तक काल रात्री मी विकत घेतलं, म्हणून नेमकं सांगतो. बुकमार्क नाहीत. ‘पाहा: पान 112’ असं चौदा ठिकाणी लिहिलंय, त्यातल्या एकाही ठिकाणी बोट लावून तिथे जाता येत नाही. पानामागचं ते जुन्या कातड्याचं चित्र सुंदर आहे, पण ज्याला तीन पानं छापून टेबलावर ठेवायची आहेत त्याची शाई संपेल. पार्श्वचित्र वेगळ्या लेयरवर टाका, एका टिचकीत बंद करता आलं पाहिजे. कॅरेक्टर शीट, म्हणजे पात्राची माहिती लिहायचा कागद, वेगळी द्या आणि ती भरता येणारी द्या. दोन रकान्यांचा मजकूर फोनवर वाचताना माणूस रडकुंडीला येतो, तेव्हा नुसत्या मजकुराची एक एकरकानी आवृत्तीही सोबत टाका, फोनच्या पडद्याला जुळवून घेणारी ईपब फाइल असेल तर उत्तमच. आणि या सगळ्याहून महत्त्वाचं म्हणजे दुरुस्त्या. विकत घेणाऱ्याला नवी फाइल आपोआप मिळते, साठ्यावरची प्रत मात्र पहिल्या दिवशीच्या चुका घेऊन तशीच पडून राहते. पहिल्या वर्षात मी चार-पाच वेळा फाइल बदलतो आणि काय बदललं ते पहिल्या पानावर लिहितो. ते वाचून मला ‘आमच्याकडची प्रत जुनी निघाली, विकत घेतली’ अशा मेल आल्या आहेत. थोड्या, पण आल्या आहेत.

कुलपाचा प्रश्न लवकर उरकतो. ड्राइव्हथ्रूआरपीजी 2004 मध्ये सुरू झालं तेव्हा डीआरएम असलेल्या, म्हणजे कुलूपबंद पीडीएफ विकायचं. गिऱ्हाइकांनी इतकी बोंब मारली की कुलूप काढून वॉटरमार्कवर यावं लागलं. कारण उघड आहे. गेम मास्टर तळघरात बसून खेळवतोय, तिथे नेट नाही, फाइल परवानगी मागतेय, आणि चार जण फासे हातात घेऊन त्याच्या तोंडाकडे बघतायत. चोरट्याच्या प्रतीला मात्र कुलूपच नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, त्यातला प्रकार.

वॉटरमार्क ठेवा, पण त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत घेणाऱ्याचं नाव आणि ऑर्डर क्रमांक असतो. काढणाऱ्याला तो काढायला दहा मिनिटं लागत नाहीत. त्याचा उपयोग आहे तो सज्जन माणसाला, लिंक पाठवताना हात जरासा अडखळावा म्हणून. साठ्यावर कोणाचं नाव दिसलं तर लगेच त्याच्यावर तुटून पडू नका. हरवलेला लॅपटॉप, फुटलेला पासवर्ड, घरातला धाकटा भाऊ, काहीही असू शकतं. मी एकदा एका गिऱ्हाइकाला खरमरीत मेल लिहिली होती. त्याचं खातंच कोणी हॅक केलं होतं असं नंतर निघालं. माफी मागितली, पण त्याने माझं पुन्हा काही घेतलं नाही, आणि त्यात त्याचं काही चुकलं नाही.

आता तिसऱ्या प्रकाराकडे येतो. तुमची फाइल कोणी पैसे घेऊन विकत असेल तर तिथे मात्र सोडू नका. यात दोन जाती आहेत. एक, पाचशे पुस्तकांचा गठ्ठा अमुक डॉलरला असं म्हणून डिजिटल फाइली विकणारे. दुसरी जात जास्त घातक: पीडीएफवरून बनावट प्रती छापून मोठ्या ऑनलाइन बाजारांत खऱ्या म्हणून विकणारे. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पुस्तकांच्या अशा नकला बऱ्याच निघाल्या आहेत. ओळखू येतात: कागद पातळ, रंग विटलेले, कडेला मजकूर कापलेला, शिवणीऐवजी नुसता गोंद, महिन्याभरात पानं मोकळी. यात फसतो तो पैसे मोजणारा माणूस आणि शिव्या खाता तुम्ही, कारण त्याला वाटतं तुम्हीच रद्दी छापली. म्हणून विक्रीच्या पीडीएफमध्ये चित्रं 150 डीपीआयच्या (इंचामागे ठिपक्यांच्या) वर ठेवू नका. पडद्यावर ती छान दिसतात, छापली की धूसर होतात. छपाईची 300 डीपीआयची, ब्लीड (कडेने कापायची जागा) सोडलेली फाइल छापखान्याशिवाय कोणालाही देऊ नका, समीक्षकालासुद्धा नाही. या धंद्यातल्या बऱ्याच गळती विकलेल्या फाइलमधून नाही, तर आधी दिलेल्या प्रतींतून झालेल्या मी पाहिल्या आहेत.

नोटीस कशी पाठवायची हेही सांगून ठेवतो, कारण वकिलाशिवाय हे जमतं. अमेरिकेतल्या 1998 च्या डीएमसीए या कॉपीराइट कायद्याच्या 512 व्या कलमाखाली, फाइल ज्याच्या सर्व्हरवर आहे त्याला तुम्ही ती काढायला सांगू शकता. नोटिशीत लागतं ते असं: कोणतं पुस्तक तुमचं, कोणत्या नेमक्या पत्त्यावर चोरीची प्रत आहे, तुमच्याशी संपर्क कसा साधायचा, हा वापर विनापरवाना आहे असं तुम्हाला प्रामाणिकपणे वाटतं हे विधान, माहिती खरी आहे हे विधान, तुम्ही हक्कदार आहात किंवा हक्कदाराच्या वतीने लिहिताय हे शपथेवरचं विधान, आणि सही, टाइप केलेली चालते. ‘तुमच्या साइटवर माझं पुस्तक आहे’ एवढंच लिहिलंत तर कचऱ्यात जाईल, लिंक प्रत्येक फाइलची वेगळी द्या. समोरच्याने ‘ही चोरी नाही’ अशी प्रतिनोटीस दिली आणि तुम्ही कोर्टात गेला नाहीत, तर 10 ते 14 कामकाजाच्या दिवसांत फाइल परत येते. जाणूनबुजून खोटी नोटीस दिलीत तर नुकसानभरपाई तुमच्याच गळ्यात पडू शकते, तेव्हा वाईट परीक्षण लिहिणाऱ्यावर हे हत्यार उगारू नका. साठा दाद देत नसेल तर त्याच नोटिशीने सर्च इंजिनला लिंक काढायला सांगा. पुस्तकाच्या नावाने शोधल्यावर पहिल्या पानावर तुमचं दुकान दिसलं आणि चोरट्याचं नाही, एवढ्यानेच निम्मं काम होतं.

मी महिन्यातून एक सकाळ यासाठी देतो, त्याहून जास्त नाही. आधी विकणारे, मग शोधात वर दिसणारे, बाकीचे राहू दे. 2021 मध्ये रोलप्लेइंग गेमच्या पीडीएफचा एक अवाढव्य साठा एकदम बंद पडला, तेव्हा आम्हा प्रकाशकांत बराच आनंद झाला होता. माझ्या विक्रीच्या आलेखावर त्या महिन्यात मी भिंग लावून पाहिलं. काही दिसलं नाही. माझ्यापुरतं सांगतोय, दुसऱ्यांचं वेगळं असेल.

नियम स्वतःच्या शब्दांत लिहून टाकणाऱ्याबद्दल: ती चोरी नाही आणि ते थांबवण्याच्या फंदात पडू नका. ‘दोन फासे टाका, मोठा आकडा ठेवा, सहा आला की गुंतागुंत वाढते’ ही पद्धत कॉपीराइटखाली येत नाही. तुम्ही ती ज्या शब्दांत मांडली ते शब्द, चित्रं, तुमच्या जगाची गोष्ट, हे येतं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1880 मध्ये हिशोब ठेवण्याच्या एका पद्धतीच्या पुस्तकावरून झालेल्या बेकर विरुद्ध सेल्डन खटल्यात हा फरक केला आणि आजही खेळांच्या नियमांबाबत तोच धागा चालतो. आपला सगळा धंदाच या फटीवर उभा आहे. तुमच्या पुस्तकातली हिट पॉइंटची (पात्र किती मार सोसू शकतं त्या आकड्याची) कल्पना तुम्ही कोणाकडून घेतलीत ते आठवा म्हणजे राग शांत होईल. त्याने तुमचे परिच्छेद जसेच्या तसे उचलले असतील तर गोष्ट वेगळी.

उलट माझा सल्ला असा, की त्याच्याआधी तुम्हीच नियम मोफत द्या. दचकू नका, सगळं नाही. ‘मॉर्क बोर्ग’ या खेळाची चित्रं आणि सजावट नसलेली नियमांची फाइल फुकट आहे आणि पिवळंधमक छापील पुस्तक लोक मिरवत विकत घेतात. ‘लान्सर’ची खेळाडूंसाठीची आवृत्ती मोफत आहे, गेम मास्टरचा भाग विकत. ‘फेट कोअर’ 2013 पासून ‘परवडेल ते द्या’ तत्त्वावर मिळतं, आणि त्याआधीच क्राउडफंडिंगमधून, म्हणजे लोकांकडून आगाऊ गोळा केलेल्या पैशांतून, त्याला चार लाख डॉलरहून जास्त मिळाले होते. ‘एक्लिप्स फेज’वाल्यांनी तर 2009 मध्ये मोफत वाटू देणाऱ्या क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली पुस्तक काढून स्वतःच टोरंट चढवले. तुमच्या बाबतीत टोरंटपर्यंत जायची गरज नाही. वीस-पंचवीस पानांत नियम, दोन तयार पात्रं, एक छोटी साहसकथा, बस. टेबलावरच्या त्या चार खेळाडूंना कायदेशीर काहीतरी हातात द्या, म्हणजे त्यांना गेम मास्टरकडे लिंक मागावीच लागणार नाही.

आणि पुढचं पुस्तक क्राउडफंडिंगने काढा. पैसे आधी आले की चोरण्यासारखी फाइल अस्तित्वात यायच्या आधीच चित्रकाराचं बिल चुकतं झालेलं असतं. छापील प्रत दुकानातून घेणाऱ्याला पीडीएफ फुकट द्या. बिट्स अँड मॉर्टार नावाच्या उपक्रमात 2010 पासून बरेच छोटे प्रकाशक हेच करतात. ज्याने 40 डॉलर मोजले त्याला त्याच पुस्तकासाठी पुन्हा 16 मागितले की तो कुठे जातो ते तुम्हाला आता ठाऊक झालंच आहे.

राहता राहिली ती मेल. तुम्ही ती प्रश्नासोबत जोडली आहे म्हणून दोनदा वाचली. माणूस लिहितो, की फाइल मित्राने दिली, तीन आठवडे खेळतोय, पाच जण आहेत, आणि दमलेल्या पात्राने नेमके किती फासे टाकायचे ते कळत नाही. तुम्हाला यात निर्लज्जपणा दिसतोय. मला दिसतंय की चार दिवसांत चोरीला गेलेलं तुमचं पुस्तक तीन आठवडे कोणीतरी खरंच खेळतंय. माझ्या पहिल्या पुस्तकाला तेवढं यायला वर्ष लागलं होतं. उत्तर द्या, नियमाचंच द्या, प्रवचन नको. खाली नेहमीच्या सहीबरोबर दुकानाची लिंक असू द्या, बाकी काही नाही.

आणि त्याची शंका बरोबर आहे. पान 47 वरच्या तक्त्यात दमलेल्या पात्राला एक फासा कमी आहे आणि पान 112 वरच्या मजकुरात दोन. त्याला कळवायच्या आधी यातलं खरं कोणतं ते ठरवा आणि आज रात्रीच नवी फाइल चढवा.